समोरच्या खिळ्यावरचा भाऊ

मी एक जुना लाकडी चमचा आहे. माझे तोंड काळे झाले आहे. पण मित्रांनो, ते पापाने नव्हे, कामाने झाले आहे.

एकाच फळीतून आम्ही दोघे भाऊ निघालो. मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आम्हाला जोडीने घरी आणले. चार वर्षे आम्ही स्वयंपाकघरात एकाच बरणीत खांद्याला खांदा लावून उभे होतो. मग माझी कड करपली, भावाचा दांडा तडकला आणि काकू आम्हाला टाकून द्यायला निघाल्या.

"टाकू नकोस," काका म्हणाले. "ग्रीस भरायला मला हवेत. लोखंडी पट्टीनं आतल्या गोळ्यांवर ओरखडे पडतात. लाकूड बोचत नाही."

असे आम्ही गॅरेजमध्ये आलो आणि तिथेच आमची ताटातूट झाली.

इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा एक लोखंडी दांडा मोटारीत असतो. तुमच्या हाताला मनगट आणि खांदा असतो, तसा त्या दांड्याला दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. काकांकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये चाकाजवळच्या सांध्यात पोलादी गोळ्या असत. गाडी वळली की त्या भाराखाली घासत सरकतात. त्यांना काळे ग्रीस लागते. त्यात एक काळी भुकटी असते, आणि ग्रीस दाबाने बाजूला सरले तरी ती पोलादाला धरून राहते. गिअरबॉक्सकडच्या सांध्यात तीन रोलर असतात. ते आत-बाहेर सरकतात आणि जवळच्या इंजिनाची धगही सोसतात. त्यांना पिवळे ग्रीस मानवते. नवी गाडी आली की काका आधी तिचे पुस्तक उघडून कोणत्या सांध्याला काय चालते ते बघत. "ग्रीस म्हणजे ग्रीस असं म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नये," असे ते उठता-बसता म्हणायचे. ही दोन ग्रीस एकमेकांत मिसळली, तर दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

म्हणून काळ्याचा डबा डाव्या भिंतीला आणि त्याच्यावर खिळ्याला मी. पिवळ्याचा डबा उजव्या भिंतीला आणि त्याच्यावर माझा भाऊ. मध्ये आठ पावलांचे अंतर. अकरा वर्षे मी त्याला नुसता समोरून बघत राहिलो. एका घरात वाढलेल्या भावाला हाकेच्या अंतरावर ठेवून कधी भेटू न देणे ही फार मोठी शिक्षा आहे, असे मला वाटायचे.

डब्यांवर काही लिहिलेले नव्हते. दुपारी काकू यायच्या, कपडा घेऊन सांध्यांवरचे रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारी आवरणे, पुसत बसायच्या. गाडीखालून काका म्हणायचे, "डावीकडचं दे." काकू न बघता नेमका डबा पुढे करायच्या. "या गाड्यांएवढी माझी सेवा केली असतीत, तर मी गोरी झाले असते," अशी त्यांची चेष्टाही चालायची. दोघांना माहीत असलेली गोष्ट लिहून ठेवावी लागत नाही.

गेल्या थंडीत काकू गेल्या. तीन दिवसांचा ताप आला आणि होत्याचे नव्हते झाले. महिनाभर गॅरेजचे दार उघडले नाही. आतल्या अंधारात मला ना काका दिसत, ना भाऊ. मी इतका एकटा त्याआधी कधीच नव्हतो.

मग एका सकाळी काकांची थोरली बहीण आली. काका तिला अक्का म्हणतात. भावाचे मन रमावे, म्हणून तिने सगळे गॅरेज धुऊन काढले. दोन अर्धे डबे बघून ती पुटपुटली, "एकच वस्तू, आणि दोन डबे कशाला अडवलेत?" पिवळे होते ते ताजे आणि काळे होते ते वापरून काळे पडलेले, असा तिचा हिशेब. आम्हा दोघांना घेऊन तिने सगळे एका डब्यात कालवले. काळ्यात पिवळे गेले तरी रंग काळाच राहतो. नंतर आम्हाला पुसून तिने एकाच खिळ्याला अडकवले.

खरे सांगतो, मला आनंद झाला. वाऱ्याने भाऊ हलला की माझ्यावर टेकायचा. काका आले, त्यांनी आमच्याकडे पाहिले, पण त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते. त्याच दिवशी त्यांनी शाळेच्या व्हॅनच्या चाकाजवळच्या सांध्यात ते ग्रीस भरले. माझ्याच हाताने.

तीन आठवड्यांनी व्हॅन चालवणाऱ्या ताई आल्या. "काका, वळताना चाकातून टक टक आवाज येतोय. मुलं मागं बसून मोजतात. आज सतरा झाले म्हणे."

काकांनी रबरी बूट उघडला. आतले ग्रीस तेलासारखे त्यांच्या मनगटावरून ओघळले. त्यांनी डब्याकडे पाहिले. मग एका खिळ्यावरच्या आम्हा दोघांकडे पाहिले आणि ते खोक्यावर बसले.

"ताई, अजून आठ दिवस गाडी चालली असती तर हा जॉइंट रस्त्यात तुटला असता. मुलं आत असताना. चुकीचं ग्रीस मी भरलं."

"तुम्ही?"

"मीच. हा जॉइंट नवा घालून देतो आणि गॅरेजला कुलूप लावतो. आता माझ्या हातांचा भरवसा नाही."

अक्काचे नाव त्यांनी घेतले नाही. मला बोलता येत असते, तर मीही बोललो असतो.

ताईंनी व्हॅनची किल्ली काकांच्या हातावर ठेवली. मग म्हणाल्या, "आणि मी गाडी कुणाकडं नेऊ? चूक झाली तर तोंडावर सांगणारा दुसरा कोण आहे? पुढच्या महिन्यात दुसऱ्या चाकाचा बूट बदलायचाय. मी येणार आहे."

त्या गेल्यावर काकांनी मिसळलेला डबा टाकून दिला. नवीन दोन डबे आणले. काचकागदाने घासून त्यांनी आम्हाला कोऱ्या लाकडापर्यंत नेले. थोडा वेळ आम्हाला एकाच मुठीत धरले. "जोडीनं आणलं होतं तिनं तुम्हाला," ते म्हणाले. मग आठ पावले चालून त्यांनी भावाला समोरच्या खिळ्याला अडकवले. या वेळी मी मनात कुरकुर केली नाही. त्यांनी डब्यांवर रंगाने लिहिलेही: 'चाकाकडचे', 'गिअरबॉक्सकडचे'. एकट्याला लिहून ठेवावे लागते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी एकटे राहिले असेल, तर त्याची आवराआवर जरूर करा. पण डब्याला हात लावण्याआधी 'हे काय आहे' एवढे विचारा. त्याला सांगायला आवडेल.

परवा अक्का पुन्हा आली. हातात कपडा होताच. डब्यांवरची अक्षरे वाचून तिने विचारले, "दोन्ही ग्रीसच ना रे? मग वेगळी का?"

काकांनी तिला खोके सरकवून दिले आणि अर्धा तास सांगत बसले. मागे काय झाले होते, तेवढे सोडून सगळे सांगितले. मग ते व्हॅनखाली शिरले. थोड्या वेळाने सवयीने त्यांचा आवाज आला, "डावीकडचं दे."

अक्का उठली. क्षणभर थांबली, आणि डाव्या भिंतीकडे माझ्यापाशी आली.