लोळणारे, पोहणारे, खाणारे, नाचणारे

मुलीचा फोन आला तेव्हा तो एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि खड्ड्यात असताना फोन घ्यायचा नाही हा त्याचा नियम होता. पण मुलगी लांब परदेशात राहायची, म्हणून तिच्यापुरता त्याने तो नियम कधीच गुंडाळून ठेवला होता.

"बाबा, सुट्टी मिळाली! आठवडाभर समुद्रावर जाऊ. तुम्ही आणि आई, दोघांनीही यायचं."

"दोघांनी?"

"खोल्या वेगळ्या असतील, घाबरू नका. माझ्या लेकीने आजी-आजोबांना एकत्र फक्त फोटोत बघितलंय. आणि ते एकदाच पैसे भरायचं रिसॉर्ट असतं ना, राहणं, खाणं, खेळणं सगळं त्यातच, तसलं हवंय. कुठलं घ्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी ठरवलं तर दोघंही नावं ठेवाल."

हे खोटं म्हणायला त्याला जागा नव्हती. तो आणि मुलीची आई वेगळे झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. भांड्याला भांडंही फारसं न लागता झालेलं प्रकरण होतं ते. नातेवाईकांनी कारण विचारलं की दोघंही गप्प बसायचे, कारण सांगण्यासारखं कारण दोघांनाही सापडलं नव्हतं. एकाच शहरात राहून ते कुणाच्या लग्नात नाहीतर आजारपणात भेटायचे, तब्येत विचारायचे आणि आपापल्या वाटेने जायचे.

चपलांच्या दुकानावर प्रवास कंपनीचं ऑफिस होतं. तो पोचला तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, त्यामुळे कुणाकडेही बघताना तिची नजर आधी त्याच्या बुबुळांवर जायची. त्याच्याकडेही तिने तसंच बघितलं.

"नंबर वाढलेला दिसतोय," ती म्हणाली. "तपासून घ्यायला हवा."

वेगळं झाल्यापासून त्याला काय म्हणावं हे तिला सुचत नसे. 'अहो' म्हणणं आता बरं दिसत नव्हतं आणि 'अरे' तिच्या तोंडात बसत नव्हतं. म्हणून ती अशी बिनकर्त्याची वाक्यं बोलायची.

समोरचा एजंट पन्नाशीचा, टकला आणि भलताच उत्साही होता. त्याने आधी दोघांना नवरा-बायको समजून नव्या जोडप्यांच्या खोल्या दाखवायला घेतल्या. तिने त्याला थांबवलं. मग तो इतका गोरामोरा झाला, की त्यालाच पाणी द्यावं लागलं.

"हरकत नाही," एजंट सावरून म्हणाला. "मला एवढंच सांगा, तुम्ही कुठल्या प्रकारातले? माझ्याकडे येणारी माणसं चारच प्रकारची. लोळणारे, पोहणारे, खाणारे आणि नाचणारे. लोळणाऱ्याला नाचणाऱ्यांच्या किनाऱ्यावर पाठवलं की मला शिव्यांचे फोन येतात."

"यांना लोळणाऱ्यांत टाका," ती म्हणाली.

"ही नाचणारी," तो त्याच वेळी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मी? नाचणारी?"

"तुला घरात सतत माणसं लागायची. चार जण जमल्याशिवाय तुझा रविवार जायचा नाही."

"तेव्हा लागायची. आता दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून झालं, की संध्याकाळी भिंतीकडे बघत बसावंसं वाटतं."

"आणि मी लोळत नाही. रोज सकाळी पोहायला जातो."

"तुम्ही? पोहता?" तिच्या तोंडून 'तुम्ही' निसटलं. "आपण समुद्रावर गेलो होतो तेव्हा पायसुद्धा भिजवले नव्हते तुम्ही. दिवसभर खुर्चीत."

"तुला ताप होता म्हणून बसलो होतो."

"ताप तुम्हाला होता! मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते."

"पट्ट्या मी ठेवत होतो."

एजंट कधी तिच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी तिने मुलीला फोन लावला आणि विचारलं, की त्या वेळी ताप नक्की कुणाला होता. "आई, मी तीन वर्षांची होते," मुलगी म्हणाली. "मला एक पिवळी बादली आठवते फक्त. आणि आता मी मीटिंगमध्ये आहे."

"असं करू," एजंट हळूच म्हणाला. "तुम्ही एकमेकांचं सांगू नका. आपापलं सांगा. तुम्हाला स्वतःला काय आवडतं?"

तिला गोंगाट, तेलकट जेवण आणि ओला टॉवेल आवडत नाही, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण आपल्याला काय हवं, हा प्रश्न त्याला कुणी असा समोर बसवून विचारला नव्हता. त्याने तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेरच्या पाटीकडे नजर लावून बसली होती.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. घरी येऊन त्याने एजंटने दोघांना पाठवलेले किनारे फोनवर बघायला सुरुवात केली. सगळीकडे पाणी तितकंच निळं, सगळ्या खुर्च्या रिकाम्या, सगळी माणसं हसरी. एक जागा फक्त मोठ्यांसाठी होती, म्हणजे नात बाद. एका ठिकाणी तरण तलाव इतके होते, की नात हरवण्याची भीती. तिसरी जागा शांत, झाडांनी वेढलेली, लहान होती. बघता बघता त्याच्या खांद्यांवरचा ताणच उतरला, पण तिला तिथे करमणार नाही असं वाटून त्याने ती मागे टाकली. मग तिला आता शांतता लागते हे आठवून पुन्हा पुढे घेतली. मग इतक्या शांत जागेत नात कंटाळली तर, असं वाटून पुन्हा मागे.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला.

"ती झाडांमधली जागा बघितली का?"

"बघितली. तुला आवडली?"

"आधी तुमचं सांगा."

"नाही, तू सांग."

मग ती वैतागून म्हणाली, "माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. तीच घ्या. नाही आवडली तर मला शिव्या घाला."

अशी ती जागा ठरली.

तिथे पोचल्यावर पैसे भरल्याची खूण म्हणून प्रत्येकाच्या मनगटाला एकेक रंगीत पट्टा बांधला गेला. पहिल्याच सकाळी पोहायला जायचं ठरवून तो किनाऱ्यावर गेला, खुर्चीत जरा टेकला आणि थेट जेवायच्या वेळी उठला. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलगी म्हणाली, "आई बरोबर सांगत होती, बाबा लोळणारेच." तो ओशाळला. इतकी झोप कुठून आली हे त्याचं त्यालाच कळेना.

आणि शांतता हवी असलेली ती, संध्याकाळी गाणी लागल्यावर नातीचा हात धरून सगळ्यांच्या मध्ये नाचत होती. घामेजली होती, केस सुटले होते. तो बघतोय हे लक्षात आल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, "हिने ओढलं म्हणून गेले."

"मी काही म्हटलं का?"

"तोंडावर लिहिलंय तुमच्या."

मग ती पुन्हा नाचायला गेली. नात तेव्हा आईच्या कडेवर पेंगत होती.

नंतर एका सकाळी ती स्वतःच पाण्यात उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात थांबली. तो थोडा पुढे, तिच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये उभा राहिला. हात द्यावा का, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात मोठी लाट आली आणि तिनेच त्याचं मनगट घट्ट पकडलं. लाट ओसरली. तिने हात सोडला. तो लगेच सोडला की जरा उशिराने, यावर तो दिवसभर विचार करत राहिला. मुलीला विचारावंसंही वाटलं, पण काय विचारणार?

परतीला मुलगी आणि नात त्यांच्या विमानाने गेल्या. आपल्या शहरात उतरल्यावर या दोघांनी एकच टॅक्सी केली.

"आधी कुणाला सोडायचं?" ड्रायव्हरने विचारलं.

"हिला," तो म्हणाला, आणि पुढे काय सांगावं हे त्याला कळलं नाही. इतक्या वर्षांत तिचं घर त्याने कधी बघितलंच नव्हतं. ती ड्रायव्हरला वळणं सांगत गेली. शाळेवरून उजवीकडे, औषधांच्या दुकानापाशी आत. या गल्लीच्या तोंडावरून तो कामाला जाताना नेहमी जायचा.

टॅक्सी थांबली. त्याने तिची बॅग उतरवून दिली.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली.

"टॅक्सी थांबलीय."

"मग तिला जाऊ द्या की."

त्याने टॅक्सी सोडली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत झाडांच्या कुंड्या, वाचायच्या चष्म्यांचा ढीग आणि एकच आरामखुर्ची होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. चहा पिताना दोघंही नातीबद्दलच बोलले.

निघताना तिने विचारलं नाही, की पुन्हा कधी. त्यानेही सांगितलं नाही. चाकांची बॅग ओढत तो चालत घरी निघाला, आणि औषधांच्या दुकानापाशी येऊन थांबला. हे जे झालं त्याला काय म्हणायचं, ते त्याला कळत नव्हतं. पण बऱ्याच दिवसांनी, न कळण्याचा त्याला त्रास होत नव्हता. तो डावीकडे, घराच्या रस्त्याला वळला.