मी, गाडीच्या छताचा डाग

मी एक डाग बोलतोय. नाक मुरडू नका. मी कुणाच्या शर्टावरचा नाही, आणि कुणाच्या अब्रूवरचा तर मुळीच नाही. एका जुन्या गाडीत, मागच्या सीटच्या बरोबर वर, छताला आतून जे राखाडी कापड लावलेलं असतं ना, त्यावरचा मी पाण्याचा डाग. मध्ये फिकट, कडेला चहासारखा पिवळट. डागाची जन्मकथा कुणी ऐकत नाही. डाग दिसला की माणसं आधी फडकं शोधतात. पण माझं आता फारसं काही उरलेलं नाही, म्हणून बोलून घेतो.

माझा जन्म साबणामुळे झाला. हसू येत असेल तर हसा, मलाही येतं. या गाडीचा मूळ मालक वायरमन होता. शिडी ठेवायला त्याने टपावर लोखंडी कॅरियर बसवला होता, चक्क पत्र्याला भोकं पाडून. पुढे तो वारला. शिडी कुणीतरी मागून नेली. रिकामा कॅरियर बघितला की त्याच्या बायकोच्या डोळ्यांना धार लागायची, म्हणून धाकट्या मुलीने तो काढून टाकला. राहिली भोकं.

या घरात कुठल्याही गळतीवर एकच औषध. कपड्यांच्या साबणाचा तुकडा बोटांनी मळायचा आणि ठासायचा. वायरमन नळाला तेच करायचा, पेट्रोलच्या टाकीलाही तेच. धाकटीने बापाचा कित्ता गिरवला. भोकं बुजवली, अंगठ्याने दाबली आणि हात झटकले. पाऊस आल्यावर साबणाने साबणाचा धर्म पाळला, फेस होऊन वाहून गेला. पाणी पत्र्यातून खालच्या फोममध्ये आणि फोममधून कापडात उतरलं. ते वाळताना जी कड उरली, तो मी. उन्हात गाडी तापली की अजूनही मला साबणाचा वास येतो.

मी दिसलो तो पहिल्यांदा आईला. म्हणजे वायरमनच्या बायकोला. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड धाकटी तिला डायलिसिसला नेई. येताना तिला इतकी चक्कर यायची की मागच्या सीटवर आडवं पडण्यावाचून इलाज नसे. आडव्या माणसाला गाडीत दिसतं काय? छत.

"अगं, इथे ससा बसलाय," आई एक दिवस म्हणाली. "एक कान तुटलेला."

"कुठे?" धाकटीने आरशातून पाहिलं.

"तुला नाही दिसायचा. तू पुढे बघून चालव."

धाकटी खूप दिवसांनी हसली. घरी आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, हो किंवा नाही एवढंच बोलायची. गाडीत मात्र माझ्या निमित्ताने तिला कंठ फुटायचा. पावसागणिक मी वाढत गेलो. सशाचा बैल झाला, बैलाची समोरच्या घरातली भांडकुदळ बाई झाली. मूत्रपिंडांच्या दुखण्यामुळे आईला दिवसाला मोजून पाणी मिळायचं, त्यावरून ती मला चिडवायची. "मला घोट घोट, आणि हा मेला बघ कसा घटाघटा पितोय." दोघी मायलेकी हसायच्या. मीही फुशारून जायचो. डागाला इतकी माया कुठे मिळते?

पण एक गोष्ट मला माहीत होती, ती धाकटीला माहीत नव्हती. हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून धाकटी चाकाची खुर्ची आणायला जाई. तेवढा वेळ आई आणि मी दोघंच. तेव्हा आईचा चेहरा उतरायचा. ती मला म्हणायची, "पुरे झालं रे बाबा आता. दर खेपेला नव्याने सुया, दर खेपेला नव्याने ओकाऱ्या. पण हिला कोणत्या तोंडाने सांगू? माझ्यासाठी नोकरी सोडून बसलीय पोर." खुर्चीची चाकं वाजली की ती डोळे पुसायची आणि धाकटीला म्हणायची, "तुझी ती भांडकुदळ बाई आज फार रागात आहे हं."

मला तोंड नाही. असतं तर सांगितलं असतं.

मग थोरला मुलगा आला. तो लांबच्या शहरात नोकरीला, वर्षातून एकदा उगवणारा. त्याने गाडीचं दार उघडलं, वर पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय गं ही कळा! आईला या घाणीखाली निजवतेस?"

"राहू दे दादा. तिला बघायला आवडतो तो."

"डाग बघायला आवडतो? काहीतरीच."

"तू फोनवर 'बरी आहे ना' एवढंच विचारतोस. तुला काय ठाऊक तिला काय आवडतं?"

हे लागलं त्याला. मग फाटक्या आवाजात म्हणाला, "मला काहीतरी करू दे गं. आल्यापासून पाहुण्यासारखा चहा पितोय. तिच्या गोळ्या तुला ठाऊक, तिचं पाणी तुला ठाऊक. हे तरी माझ्या हातून होऊ दे."

धाकटीने त्याला बादली भरून दिली.

त्याने गाडीतलं कापड साफ करायच्या फेसाचा डबा आणला होता. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की फेस थोडा घ्यावा, कोरड्या फडक्याने टिपावा, चोळू नये, कापड भिजवू नये. पण अपराधी माणसाला टिपून समाधान होत नाही. त्याने कपडे धुण्याचा ब्रश घेतला आणि बाह्या सरसावल्या. जितका तो घासायचा तितकी माझी कड बाहेर सरकायची. मग तो कडेवर पाणी मारायचा, मग पुढच्या कडेवर. असं करत त्याने अख्खं छत न्हाऊ घातलं. वरची भोकं तशीच उघडी. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

संध्याकाळपर्यंत मी जवळजवळ गेलो होतो. उरली ती कोपऱ्यात नखाएवढी पिवळी रेघ. पण कापडामागचा गोंदही भिजून सुटला होता. छत मध्येच पोट सुटल्यासारखं खाली लोंबू लागलं. थोरला घाम पुसत त्याच्याकडे बघत राहिला. मला त्याचा राग येईना, कीवच आली.

दुसऱ्या सकाळी तिघं हॉस्पिटलला निघाली. आता आईला जातानाही बसवत नव्हतं. ती आडवी झाली. तिचे डोळे वर आले, इकडून तिकडे फिरले, आणि लोंबणाऱ्या कापडावर थांबले.

"काय दिसतंय आज?" धाकटीने विचारलं.

"काही नाही."

अर्धा रस्ता मागे पडला. मग आई सरळ म्हणाली, "मला हे आता नको. थांबवूया."

"असं काय बोलतेस आई? बरं वाटेल तुला," थोरला मागे वळून म्हणाला.

धाकटीने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "केव्हापासून वाटतंय तुला असं?"

"ससा होता ना, तेव्हापासून."

धाकटीने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. आई तिच्या पाठीकडे बघत म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं. तू केलंस ते कुणी करणार नाही. दमलेय मी."

"डॉक्टरांशी बोलू, दुसरं काही निघेल," थोरला पुटपुटला.

"बोला. पण आधी मला घरी सोडा, आणि मग बोला."

धाकटीने गाडी वळवली.

तेव्हा मला कळलं आणि फार वाईट वाटलं. मी समजत होतो, मी तिचा आधार आहे. पण ससा, बैल, भांडकुदळ बाई, या सगळ्यांच्या मागे ती स्वतःचं दुखणं लपवत होती. मी होतो तोवर तिला खरं बोलायची गरज पडली नाही. मी गेलो आणि तिला लपायला जागा उरली नाही. थोरल्याने जे केलं ते चुकीचं केलं, पण जे माझ्याच्याने झालं नाही ते त्याच्याने झालं.

डॉक्टर घरी येऊन आईजवळ बराच वेळ बसले आणि तिचं म्हणणं मानून गेले. आता गाडी दारातच उभी असते. आई घरात खिडकीशी निजलेली असते, दोघं भावंडं आळीपाळीने तिच्याजवळ बसतात. खिडकी उघडी असली की त्यांचे आवाज इथवर येतात. थोरला विचारतो, "आणखी देऊ का पाणी?" आणि ती म्हणते, "दे की, भरून दे." दिवस थोडेच राहिलेत, हे तिघांनाही माहीत आहे.

आज धाकटी तो फेसाचा डबा आणि कोरडं फडकं घेऊन आली आहे. मागच्या सीटवर आडवी झालीय, अगदी आईच्या जागी, आणि कोपऱ्यातल्या माझ्या उरलेल्या रेघेकडे बघतेय. पूस बाई. माझी तक्रार नाही. जाता जाता तुम्हाला मात्र एक विनवून जातो. घरातल्या आजारी माणसाच्या आजूबाजूचं सगळं लखलखीत करायला माणसं धावतात. करा, चांगलंच आहे. पण हातातलं फडकं बाजूला ठेवून एकदा त्याच्याशेजारी पडून बघा, आणि त्याला काय हवंय ते विचारा. उत्तर आवडणार नाही कदाचित. तरी विचारा.

तिने हात वर केला आहे. हलक्या हाताने टिपतेय, चोळत नाहीये. बरं, येतो मी.