अर्जात सोफा नाही

माझा भाऊ सोफे बनवतो आणि मी त्यांना कपडे शिवते. असं सांगितलं की लोक हसतात, पण काम तेच आहे. सांगाडा, स्प्रिंगा, पट्टे, काथ्या, फोम हे सगळं दादाचं. वरची मखमल किंवा रेक्झिन बेतून, शिवून, कडेला गोट लावून चढवायचं काम माझं. तीस वर्षं झाली. दादाचा हात सोन्याचा आहे. तोंडाबद्दल पुढे कळेलच.

आमच्याकडे पुढे कारखाना, मागे राहायची एक मोठी खोली आणि त्यामागे स्वयंपाकघर. पुढे भुसा, काथ्याची धूळ आणि फोम चिकटवायच्या सोल्युशनचा वास. तयार माल तिथे ठेवला तर संध्याकाळपर्यंत मखमलीवर बोटाने नाव लिहिता येईल. म्हणून तो मागच्या खोलीत येतो आणि गिऱ्हाईक घेऊन जाईपर्यंत जावयासारखा राहतो. त्याला हात लावायचा नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही, आपणच अंग चोरून चालायचं. दादाचा नियम आहे की मालावर पहिल्यांदा बसेल तर ज्याचा माल तोच बसेल. आम्ही आपले सतरंजीवर. घरात एक खुर्ची होती, तीही कुणालातरी तातडीने हवी होती म्हणून विकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दादाची एकुलती एक मुलगी म्हणजे मुंगी. फोमचे तुकडे, खिळे, चिंध्या, जे सापडेल ते लहानपणी ओढत नेऊन कोपऱ्यात साठवायची, म्हणून हे नाव पडलं. सोल्युशनच्या डब्यावरचं बारीक अक्षर ती सात वर्षांची असल्यापासून वाचते. हे कशाने चिकटतं, ते का सुटतं, असं विचारून विचारून तिने माझं डोकं खाल्लंय. यंदा तिला रसायनशास्त्र शिकायला मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हजारभर मुलांत नववी आली. फीचा आकडा वाचून दादाने तो कागद उलटा करून ठेवला, जसा काही मागच्या बाजूला कमी लिहिला असेल.

कॉलेजची मदतीची योजना होती. गुण चांगले आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर चारही वर्षांची फी माफ. ती मिळाली तर मुंगी कॉलेजात जाणार, नाही मिळाली तर माझ्या शेजारी दुसरं शिवणयंत्र येणार. वडील गेले तेव्हा मीही अठरा वर्षांची होते आणि अशीच यंत्रावर बसले. माझा त्या यंत्रावर राग नाही, त्याने मला पोसलं. पण ते दुसरं यंत्र मला घरात नको होतं.

अर्ज मी आणि मुंगीने मिळून भरला. अकरा पानं होती. पाचव्या पानावर घरात काय काय आहे त्याची यादी होती. फ्रिज आहे. टीव्ही आहे. गाडी नाही. सोफासेटपाशी मुंगीचं पेन थांबलं.

“आत्या, इथे काय लिहू?”

“आपला आहे का?”

“नाही.”

“मग नाही लिही. त्यात विचार कसला?”

खाली लिहिलं होतं की खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द होईल. दादाने ते मोठ्याने वाचलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी भर दुपारी एक बाई दारात उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅडला लावलेले कागद, चेहरा घामाने डबडबलेला. कॉलेजकडून पडताळणीला आल्या होत्या, आणि पडताळणी असल्यामुळे अर्थातच न सांगता. वहिनीने त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे त्या दिवशी दंतवैद्याचा हिरव्या मखमलीचा सोफा होता, एका हॉटेलवाल्याचा लालभडक अर्धगोल सोफा होता आणि दोघांच्या मधून स्वयंपाकघरात जायला वीतभर वाट. बाईंनी हुश्श केलं आणि हिरव्या सोफ्यावर टेकायला गेल्या.

“त्याच्यावर बसू नका!”

दादा दारात. हातात पिना मारायची गन. बाई टेकायच्या आधीच ताडकन उभ्या राहिल्या. मुंगीच्या तोंडचं पाणी पळालं. जिच्या एका सहीवर सगळं अवलंबून, तिच्यावर आमचे बंधुराज गन रोखून उभे! गन पिनांची होती, पण ते बाईंना कुठे ठाऊक?

वहिनीने धावत काथ्याचं पोतं आणून त्यावर चादर घातली. बाई त्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पाचवं पान उघडलं.

“इथे लिहिलंय, सोफासेट नाही.”

“नाहीच आहे,” दोन सोफ्यांच्या मधोमध उभी राहून वहिनी म्हणाली.

मी पुढे होऊन सगळं समजावलं. कारखाना, धूळ, गिऱ्हाइकं. बाईंनी ऐकून घेतलं. “ताई, मागच्या आठवड्यात एका घरातला टीव्ही शेजाऱ्यांचा होता. त्याच्या आदल्या घरात गाडी मामांची होती. आता सोफे गिऱ्हाइकांचे. मी कुणाकुणाचं खरं मानू?”

दादाने सोफ्याखाली चिकटवलेल्या गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या दाखवल्या. चिठ्ठ्या काय, कुणीही लिहील, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं. मग त्यांनी सहज वहिनीला विचारलं, “या दोघांतला मऊ कुठला आहे हो?”

“मला काय माहीत? एकवीस वर्षं झाली या घरात येऊन, मी कधी बसलेय थोडीच!” वहिनी म्हणाली. त्या सुरात जी चीड होती ती नवऱ्यासाठी होती, बाईंसाठी नव्हे.

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाल्या, “दिसलं ते मी लिहिणार. ठरवणार समिती. गुरुवारी मुलीला आणि वडिलांना कॉलेजात घेऊन या.”

त्या गेल्यावर मी दादाला फैलावर घेतलं. “घटकाभर टेकू दिलं असतंस तर मखमल झिजली असती का?”

“ती मखमल दंतवैद्याची आहे,” दादा म्हणाला आणि कामाला लागला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, दुसरं काय? मुंगी दोन दिवस बापाशी बोलली नाही. “बाबांना माझ्यापेक्षा सोफे लाडके आहेत,” असं मला म्हणाली. तसं नाही गं, असं मी म्हटलं, पण दाखवायला माझ्यापाशी पुरावा काहीच नव्हता.

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. दादाने एकटं बोलू नये म्हणून मी सोबत होतेच. लांब टेबल, पलीकडे चष्मेवाले अध्यक्ष, त्यांच्या डाव्या हाताला कॉलेजचे हिशेबनीस, उजव्या हाताला त्या पडताळणीच्या बाई. अलीकडे आमच्यासाठी तीन गादीच्या खुर्च्या. आम्ही बसलो. दादाचा चेहरा बदलला. तो चेहरा मी जन्मापासून ओळखते. तो जरा उठला, पुन्हा बसला, डावीकडे कलला, उजवीकडे कलला. मी त्याला चिमटा काढला.

“तर, ते सोफे तुमचे नाहीत हे आम्ही कशावरून मानायचं?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेब, ही खुर्ची कुणी केली?” दादा म्हणाला.

“काय?”

तोवर दादा उठून खुर्ची जमिनीवर उलटी पाडून तिच्या पोटात अंगठे दाबत होता. “पाच पट्टे लागतात, इथे तीनच आहेत. तेही एकाच दिशेने ताणलेत. काथ्याच्या जागी पुठ्ठा कोंबलाय, हा बघा. कुणी केलं हे? साहेब, तुमची कंबर दुखते का?”

अध्यक्षांचा हात आपोआप कमरेवर गेला. “माझी दुखते,” हिशेबनीस हळूच म्हणाले. पडताळणीच्या बाईंना हसू आवरेना. मुंगीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

अध्यक्षही हसले. माणूस मनाने चांगला होता. “ठीक आहे, धंदा तुमचाच, हे मानलं. मग असं करू. सभागृहात अशा साठ खुर्च्या आहेत. तेवढ्या तुम्ही नीट करून द्या, मुलीची फी आम्ही माफ करून टाकतो. तुमचंही काम झालं, आमचंही.”

माझा जीव भांड्यात पडला. साठ खुर्च्या म्हणजे दीड महिन्याचं काम. त्या बदल्यात चार वर्षं! हो म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा.

“नको,” दादा म्हणाला.

मुंगीने झटकन त्याच्याकडे पाहिलं. मला तर तिथेच त्याला बडवावंसं वाटलं.

“खुर्च्या मी करून देतो, साहेब,” दादा खुर्ची सरळ करत म्हणाला. “त्याचं बिल वेगळं होईल. ते तुम्ही पैशात द्या. पोरीची फी तिच्या गुणांवर आणि माझ्या कमाईवर ठरवा. नियमात बसत असेल तर माफ करा, नसेल बसत तर नाही म्हणा. पण मखमल आणि रेक्झिन एका शिवणीत घेऊ नका.”

अध्यक्षांचं हसू मावळलं.  गेलं सगळं, असं मला वाटलं. दुसरं शिवणयंत्र कुठे ठेवायचं याचा विचारही मी करायला लागले होते.

तेवढ्यात पडताळणीच्या बाई म्हणाल्या, “सर, माझ्या अहवालाची शेवटची ओळ वाचलीत का?”

अध्यक्षांनी चष्मा वर सारून वाचलं. “घरात दोन सोफे आहेत. ते मऊ आहेत की कडक, हे घरच्या बाईला ठाऊक नाही. अर्जातली माहिती खरी आहे असं माझं मत आहे.” मग त्यांनी गुणपत्रिका पाहिली, दादाच्या कमाईचा दाखला पाहिला, हिशेबनिसांशी दोन शब्द बोलले आणि सही केली. चारही वर्षांची फी माफ. “आणि खुर्च्यांचा दर कळवा,” असं म्हणून त्यांनी पुढचा अर्ज ओढला.

बाहेर येऊन आम्ही घरच्या वाटेला लागलो. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं उघडी होती, आणि मला त्यातलं प्रत्येक दुकान छान वाटत होतं. मुंगीने विचारलं,

“बाबा, ते चिडून नाही म्हणाले असते तर?”

“तर तू दोन दिवसांऐवजी दोन वर्षं बोलली नसतीस,” दादा म्हणाला. थोडं चालून तो थांबला. “अगं, कॉलेजात उद्या कुणी म्हणालं असतं की ही खुर्च्यांच्या बदल्यात आली, तर तू काय उत्तर देणार होतीस? आता सरळ सांग, नववी आले म्हणून आले.”

 मुंगीने बापाच्या हातातली कागदांची पिशवी काढून घेतली आणि त्याचा हात धरून चालायला लागली. ती लहानपणीही असा हात धरत नसे, सारखी पुढे पळायची.

मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले, कारण मला रडू येत होतं आणि दादाने ते पाहिलं असतं तर महिनाभर चिडवलं असतं. अठराव्या वर्षी माझ्यासाठी असं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. वडील असते तर तेही कुठल्यातरी मोठ्या माणसासमोर असंच काहीतरी बोलून बसले असते, असं मला उगाचच वाटलं, आणि फार बरं वाटलं.