माझ्या पायापासून पंधरा फूट

मित्रांनो, लॉइड स्टॉकवेलच्या गॅरेजपुढे गंजत उभा असलेला बास्केटबॉलचा खांब म्हणजे मी. अमेरिकेत, इंडियानातल्या आमच्या गावात घरोघरी असा खांब आहे, पण ते सगळे दुकानातले. मला लॉइडने स्वतः घडवलं. धान्याच्या कोठारातला जुना पाइप उभा केला, लोखंडी कडं वाकवून वेल्डिंग केलं. उडी मारताना त्याची मुलगी मार्नी माझ्यावर आपटू नये म्हणून कड्यामागची फळी माझ्यापासून दोन फूट पुढे काढली. मग जमिनीवर फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर बिनअडथळा चेंडू टाकायची, पांढरी रेघ मारली. पंधरा फूट, अगदी नेमके. फक्त त्याने टेप लावली ती माझ्या पायापासून. नियमाप्रमाणे अंतर मोजायचं असतं फळीपासून.

म्हणजे रेघ पडली तेरा फुटांवर. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मला बोलता येत नाही, हे खरं. पण येत असतं, तरी मी बोललो नसतो.

कारण लॉइडची मार्नी. सोळाव्या वर्षी ती सहा फूट एक इंच झाली. तिच्यासारखी चेंडू हिसकावणारी पोर आसपासच्या चार गावांत नव्हती. रोज जेवणाआधी ती माझ्यावर शंभर फ्री थ्रो टाकायची. नव्वद आत पडायचे. शाळेच्या जिममध्ये शंभरातले जेमतेम साठ. त्या जिमची फळी म्हणे काचेची आहे, दिव्यांत झळकते. मी तिला कधी पाहिलं नाही, पण तिचा राग राग केला.

"जिममध्ये हात आखडतात माझे," मार्नी म्हणायची.

"घाबरतेस तू, दुसरं काही नाही," लॉइड म्हणायचा. "इथे पडतात ना? मग टाक अजून शंभर."

आणि मार्नी आणखी तासभर माझी व्हायची.

मग विद्यापीठांची पत्रं यायला लागली. अडतीस विद्यापीठांना ती आपल्या संघात हवी होती. "आज अकरा!" पोस्टमन ओरडायचा. "मार्नी, माझी कंबर मोडली तर खर्च तुझ्या बापाकडून घेईन हं!" गाडीतून उतरली की ती आता आधी पत्रपेटीकडे धावायची. चार फुटांचा तो पत्र्याचा डबा, आणि मी त्याच्यावर जळत होतो.

शेवटच्या वर्षी मोठ्या सामन्यात संघ एका गुणाने मागे होता. मार्नीला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आखूड पडले. घरी येऊन ती मला टेकून बसली.

"मी सगळ्या विद्यापीठांना 'नको' म्हणून कळवते, डॅड. भित्रीला कोण खेळवणार?"

मला आनंद झाला. ती आता कुठे जाणार नव्हती. पण तिची पाठ हुंदक्यांनी हलत होती, आणि ते हलणं माझ्या कड्यापर्यंत पोचत होतं. तो आनंद मला फार वेळ धरून ठेवता आला नाही.

रविवारी त्या अडतीसांतल्या एका विद्यापीठाच्या कोच व्हिटकर आल्या. अ‍ॅपल पायचे दोन तुकडे खाऊन अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "टाक बघू वीस."

एकोणीस पडले. मग बाई फळीखालून रेघेपर्यंत पावलाला पाऊल लावत चालल्या.

"लॉइड, टेप आहे?"

लॉइडने टेप माझ्या पायाशी अडकवली. "हे बघा, बरोब्बर पंधरा!"

"फळीपासून, लॉइड."

त्याने पुन्हा मोजलं आणि तिथेच खाली बसला.

"डॅड," मार्नी म्हणाली, "इतकी वर्षं सगळे मला भित्री म्हणताहेत."

"सगळे नाही," लॉइड म्हणाला. "मीच म्हणत होतो."

त्याच दुपारी नवी रेघ पडली. तिथून मार्नीचा पहिला चेंडू माझ्या कड्याच्या पुढच्या काठावर आपटला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा खरं उत्तर दिलं.

ऑगस्टमध्ये ती कोच व्हिटकरांकडे गेली. लॉइड गॅरेजात रेडिओवर तिचे सामने ऐकतो. तिचा फ्री थ्रो आत गेला की तो माझ्यावर थाप मारतो. तिकडच्या काचेच्या फळीवर मी अजूनही जळतो.

मित्रांनो, माझा गंज तुम्ही काढला नाहीत तरी चालेल. पण आपलं माणूस पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर त्याला भित्रं म्हणण्याआधी टेप कुठून लावली ते बघा. मार्नी नाताळात येणार आहे. ती आधी पत्रपेटीकडे जाते की माझ्याकडे, तेवढं मात्र मी बघणारच.