शिकाऱ्याची पिसांची रजई

मी एक जुनी रजई आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! कापसाचे गोळे झालेली, माळ्यावर फेकलेली अशी मी नव्हे. माझ्या पोटात हंसाची लव आहे. मोठ्या पिसांच्या खाली, कातडीलगत असते ना, ती. मुठीत धरली तर हाताला कळत नाही, आणि सोडली की फुलून येते. मला खालची बाजू नाही. स्लीपिंग बॅगेसारखी चेनही नाही. पायाकडे तेवढी एक खोळ आहे, बाकी मी मोकळीढाकळी. माणूस हवेच्या गादीवर झोपतो, मी त्याला वरून झाकते आणि दोन पट्ट्यांनी गादीला घट्ट बांधून घेते. अंगाखाली चेपलेली पिसं ऊब देत नाहीत, मग ती पाठीवर वाहायची कशाला? डोंगरात सगळं ओझं आपल्याच पाठीवर असतं.

माझा जन्म अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या एका लहान गावात, विल्मा केसलर या बाईच्या घरामागच्या शेडमध्ये झाला. विल्मा शिकाऱ्यांसाठी रजया शिवायची. तिच्या भुवयांवर नेहमी एखादं पीस चिकटलेलं असायचं आणि ते सांगायची हिंमत गावात कुणाला नव्हती. माझ्या अंगावर तिने लांबट कप्पे शिवले, एकेक कप्पा पिसांनी भरला, वरून थापटी मारली आणि म्हणाली, "अजून चिमूटभर." दर कप्प्याला तिचं तेच. तिच्या त्या चिमटीचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

मग एके दिवशी ऑरिन स्टॅडलर आला. सोबत बायको व्हर्ना आणि मुलगी जोलीन. ऑरिन म्हणजे सत्तरीला टेकलेला, कणखर, आणि हट्टीपणात खेचराला हरवणारा गडी. पोरवयापासून दर वर्षी तो एल्कच्या शिकारीला जायचा. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एक मिळालं की घराचा हिवाळा निघतो. पण आदल्या वर्षी डोंगरात त्याच्या अंगात थंडी भरली होती. जोलीन दर तासाला विचारत होती आणि हा "मी ठीक आहे" एवढंच म्हणत होता. म्हणता म्हणता त्याची जीभच वळेना. जोलीन इस्पितळात नर्स आहे, म्हणून वाचला. तिने त्याला जवळजवळ ओढतच खाली आणलं आणि घरी आल्यावर निकाल दिला, "पुढच्या वर्षी शेवटची संधी. पुन्हा असं झालं, तर बाबा, तुमचा डोंगर बंद!"

मित्रांनो, डोंगर बंद म्हणजे ऑरिनच्या लेखी जगणंच बंद. म्हणून तर तो रजई घ्यायला आला होता. इतकी वर्षं त्याची जाड लोकरी घोंगडी खेचर वाहायचं. ते खेचर म्हातारं होऊन मेलं. आणि स्लीपिंग बॅगेत तो शिरायला तयार नव्हता. तरुणपणी तो एकदा धान्याच्या कोठीत छातीपर्यंत गाडला गेला होता. तेव्हापासून अंगाभोवती काही आवळलं की त्याचा जीव घुसमटायचा.

"सगळ्यात हलकी असेल ती दे," त्याने विल्माला फर्मावलं.

"हा वजनासाठी टूथब्रशचा दांडा कापून आलाय," व्हर्ना म्हणाली. "ढेरी मात्र सोबत नेणार!"

विल्माने एक अरुंद, नाजूक रजई काढली. जमिनीवर गादी पसरली आणि बोट दाखवलं. "झोप."

"इथे? लोकांसमोर?"

"लोकांना काय पडलंय तुझं? बूट काढ आणि झोप."

ऑरिन कुरकुरत आडवा झाला. पाठीवर असेपर्यंत सगळं छान होतं. मग विल्माने विचारलं, "आता खरं सांग, घरी कसा झोपतोस?"

"पाठीवर. सरळ."

"खोटारडा!" व्हर्ना उसळली. "रात्रभर वळवळतो हा. कुशीवर होतो, गुडघे पोटाशी घेतो आणि माझं पांघरूण ओढतो."

ऑरिन कुशीवर वळला, तशी ती अरुंद रजई वर उचलली गेली आणि पाठ उघडी पडली. विल्माने त्या फटीत आपला गार हात घातला. ऑरिन किंचाळला आणि तिघी पोट धरधरून हसल्या.

त्यानंतर विल्माने मला काढलं. मी रुंद होते, थोडी जडही. ऑरिन वळला, मी त्याच्यासोबत वळले. त्याने गुडघे पोटाशी घेतले, मी जागच्या जागी. तो हात डोक्याखाली घेऊन डोळे मिटून पडला, तो उठेचना.

"जड आहे," डोळे न उघडताच तो म्हणाला.

"हीच बांधून दे, विल्मा," व्हर्ना म्हणाली. माझी निवड त्या बाईने केली, आणि नवऱ्याला नीट ओळखून केली. वजनकाटा बघून रजई घेणारे पुष्कळ पाहिले मी. झोपणारा माणूस बघून घेणारी ती एकच.

निघताना विल्माने ऑरिनला बजावलं, "थंडी फारच वाढली तर टोपी घाल. तोंड हिच्या आत घेऊन श्वास सोडू नकोस. पिसं भिजली की संपलं. हिला पाण्यापासून सांभाळ, ही तुला थंडीपासून सांभाळेल."

"कळलं गं, कळलं," ऑरिन म्हणाला. कळलं कुठलं!

ऑक्टोबर सरता सरता बापलेक डोंगरात गेले. काय सांगू, मित्रांनो! खाली ऑरिन जिना चढताना कण्हायचा, पण वर गेल्यावर त्याचं पाऊल बघत राहावं. वाळल्या पानांवर आवाज नाही, फांदी मोडत नाही. मोडलेल्या गवताच्या काडीवरून एल्क कधी गेलं ते तो सांगायचा. पहिल्या रात्री पाणी गोठलं, तरी तो माझ्याखाली घोरत पडला होता. मला धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने एकाच गोळीत एक भलामोठा नर पाडला. मग टोपी काढून तो त्याच्याजवळ थोडा वेळ नुसता बसून राहिला. असा शिकारी मला आवडतो.

मांस सोडवून त्यांनी कापडी पिशव्यांत भरलं आणि फांदीला टांगलं. रात्रीच्या गारठ्यात ते चांगलं थंड झालं. सकाळी जोलीन एक तंगडी पाठीवर घेऊन खाली गाडीकडे गेली. आणि घोटाळा नेमका तेव्हाच झाला.

त्या दिवशी अवेळी ऊन तापलं. माश्या घोंघावू लागल्या. मांस खराब होऊ देणं म्हणजे त्या लोकांत पाप. अशा वेळी जुने शिकारी काय करायचे, तर रात्री गारठलेलं मांस दिवसा घोंगडीत गुंडाळायचे. बर्फाची लादी गोणपाटात टिकते तसा गारवा आत टिकतो. ऑरिनने जन्मभर हेच केलं होतं, आणि घोंगडी थोडी ओली झाली तरी कधी बिघडलं नव्हतं, कारण लोकर भिजली तरी ऊब देते. सवयीने त्याचा हात माझ्याकडे वळला. मी मनात ओरडले, "अरे बाबा, मी लोकर नाही!" पण रजईचं कोण ऐकतं?

दुपारी जोलीन परत आली. माझा पायाकडचा अर्धा भाग रक्तापाण्याने थबथबला होता. पिसांच्या ओल्या गुठळ्या झाल्या होत्या. आणि पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चढत होतं.

"बाबा!" ती एवढंच म्हणाली.

"मांस तर वाचलं," ऑरिन पुटपुटला.

"मांस वाचलं, पण तुम्हाला कोण वाचवणार? अंधाराच्या आत तुमच्या पायांनी खाली पोचणं नाही, आणि बर्फ येतोय." मग तिने आपली स्लीपिंग बॅग उघडली. "यात शिरा. मी करेन माझं काहीतरी."

ऑरिन शिरला. चेन कमरेपर्यंत आली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही जमत गं, पोरी," म्हणत तो धडपडत बाहेर आला. आपला शेवटचा डोंगर हाच, हे त्याच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं.

पण जोलीनही त्याचीच लेक! तिने जाळ केला. ठिणगी उडणार नाही इतक्या लांब दोघांनी मला धरलं. आतल्या गुठळ्या बोटांनी चोळून चोळून ते मोकळ्या करत राहिले, दिवस बुडेपर्यंत. थोडी सुकले, पूर्ण नाही. मग तिने दोन्ही गाद्या एकत्र बांधल्या, आपली बॅग पूर्ण उघडून पायांवर टाकली आणि माझी कोरडी, रुंद बाजू दोघांच्या छातीवर ओढली. मी अरुंद असते तर एकालाच पुरले असते. बाहेर बर्फ पडत राहिला आणि माझ्यात होती नव्हती तेवढी ऊब मी दोघांना वाटली.

उजाडता उजाडता ऑरिनला जाग आली. जोलीनही जागी झाली. तिने विचारलं, "थंडी वाजली का, बाबा?"

मित्रांनो, मी त्याच्या हनुवटीशीच होते. "मी ठीक आहे" हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले मला कळले. तेवढं म्हटलं असतं की डोंगर त्याचाच होता.

"वाजली," तो म्हणाला. "पाय गारठलेत. डाव्या पायाची बोटं कळतच नाहीत."

जोलीन उठून बसली. तिने त्याचे मोजे काढले आणि ते पाय सरळ आपल्या सदऱ्याच्या आत, उघड्या पोटावर घेतले. तिकडे असंच करतात. "आई गं! मेले बर्फाचे गोळे!" ती कळवळली, पण पाय सोडले नाहीत. वर मला पांघरलं. बराच वेळ तिने ते तसेच धरून ठेवले. मग ऑरिन म्हणाला, "टोचतंय. बोटं आली."

"आली ना? बरं झालं."

"मग... डोंगर बंद?"

जोलीनने डोळे पुसले. "गेल्या वर्षी थंडीचा राग नव्हता आला मला. तुम्ही मरायला टेकलात आणि मला सांगितलं नाहीत, त्याचा राग होता. खरं सांगणाऱ्या माणसाबरोबर मी कुठेही येईन. फक्त पुढच्या वर्षी मांसाला रजई घातलीत, तर तुम्हालाच झाडाला टांगीन!"

विल्माने मला धुतलं आणि असे शब्द ऐकवले की ऑरिन कान पाडून उभा राहिला. पुढे आम्ही पुष्कळ हिवाळे डोंगरात काढले. मधे एक उन्हाळा मला चेपून, थैलीत कोंबून गाडीत विसरले होते. तेव्हाची माझी पिसं अजून नीट फुलत नाहीत. म्हणून सांगते, घरी आलात की आपलं पांघरूण सैल टांगा, कोरडं ठेवा, त्याला श्वास घेऊ द्या.

आणि पांघरुणाला न सांगता येणारी गोष्ट तुम्ही सांगत जा. एका शरद ऋतूत जोलीन मला बांधायला आली, तेव्हा ऑरिन खुर्चीतून म्हणाला, "या वर्षी मी नाही येत गं. आता मला घरातसुद्धा थंडी वाजते." कुणी त्याला अडवलं नव्हतं, कुणी डोंगर बंद केला नव्हता. जोलीनने थैली खाली ठेवली, मला उलगडलं आणि त्याच्या गुडघ्यांवर पांघरलं. त्या वर्षी शिकारीला कुणीच गेलं नाही.