उडत्या अजगराचा मानपान

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या सुकदेव देवरेला जन्मात एकच गोष्ट धड यायची, आणि ती अशी की चारचौघांत सांगायची लाज वाटावी. रुसवा काढणं. लग्नात जावई हटून बसला, एखादे काका टोपी न देता नुसता टॉवेल दिला म्हणून मांडवाबाहेर जाऊन बसले, की आत ओरडा व्हायचा, "सुकदेवले धाडा!" सुकदेव कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर. लग्नसराईत कॉलेजच्या पत्त्यावर तार यायची: 'मामा रुसले, ताबडतोब निघा.' पहिल्या तारेला कुणी गेलं असं समजून प्राचार्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली होती. आता ते नुसतं विचारायचे, "कोणाचे मामा?"

बरं, एवढ्या लोकांची मनधरणी करणाऱ्या या माणसाला कोणी कधी विचारलं का, की बाबा, तू जेवलास? नाव नको. मामा उठले की त्यांच्यामागे सगळी मंडळी आत जायची, आणि सुकदेव बाहेर मामांच्या चपला शोधत राहायचा.

म्हणून त्याला रविवार जिवापाड प्यारा होता. दर रविवारी तो सकाळची एसटी धरून जळगावला यायचा, पिंप्राळ्यात पितांबर नानांच्या घरी, आणि परतीच्या शेवटच्या, पाच पन्नासच्या गाडीपर्यंत वीर झुंजारसेन व्हायचा.

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या भाच्यानं पुण्याहून एका इंग्रजी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणून दिली होती. खेळ बैठा, पण पट नाही की सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि वीरानं टाकलेला डाव जमला की फसला ते आकड्यावर ठरवायचं. त्याला वीस बाजूंचा फासा लागतो म्हणे. जळगावात कुठला मिळायला! नानांनी हाऊजीतल्या एक ते वीस आकड्यांच्या गोट्या तांब्यात टाकल्या. वीराच्या कागदावर कौशल्याचा जो आकडा असेल तेवढी किंवा त्याहून लहान गोटी निघाली, तर जमलं. एक निघाली तर समोरचा जागच्या जागी खलास.

घोळ झाला तो निराळाच. झेरॉक्सवाल्यानं घाईत एक अख्खं प्रकरण गाळलं होतं, आणि ते नेमकं कौशल्यांचं. त्यामुळे जो तो ऊठसूट तलवार उपसायचा. बाकीचे गुण कागदावर नुसते लिहिलेले. शेवटी नाना भडकले. "हाणामारीच करायची तर बाहेर चौकात करा ना! मी गोष्ट कशाला सांगू?"

मग ते प्रकरण त्यांनी स्वतः लिहिलं. पस्तीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस लिहील तसंच लिहिलं. ज्याला प्रत्यक्षात जे येतं, तेच वीराच्या कागदावर चढेल. त्या कागदाला ते सातबाराच म्हणायचे. दिवाळीपर्यंत जे कौशल्य एकदाही कामी येणार नाही, ते पडीक समजून काढून टाकण्यात येईल. आणि ज्याच्या सातबाऱ्यावर काहीच उरणार नाही, तो वीर मयत.

बाकीच्यांचं निभावलं. मगन सर शाळेत लाठीकाठी शिकवायचे. त्यांच्या लाठीनं चार राक्षस लोळवले. छगनची रिक्षा, त्याला 'बोळातून काढणे' मिळालं, आणि त्यानं सगळ्यांना एका भुयारातून रिव्हर्समध्ये बाहेर काढलं. बेबाबाई बालवाडीच्या बाई. 'गप्प करणे' या एका कौशल्यावर त्यांनी भुतांचं एक अख्खं स्मशान हाताची घडी घालून बसवलं.

सुकदेवच्या कागदावर एकच ओळ: रुसवा काढणे, एकोणीस. सगळ्यांत मोठा आकडा! आणि सात महिन्यांत एकदाही कामी आला नव्हता, कारण राक्षस चिडतात, चावतात, पण रुसत नाहीत. दिवाळी आठवड्यावर आली होती, आणि त्याआधी खेळाचा एकच रविवार उरला होता. झुंजारसेन मेला तर रविवारी जळगावला यायचं कशाला? आणि रविवार गेला तर उरलं काय, मामांच्या चपला?

त्या रविवारी तो एसटीत घासभरही न खाता आला. नानांच्या मागच्या अंगणात बेबाबाई वांगी भाजत होत्या. खेळ संपला की भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असा बेत होता.

"समोर किल्ल्याचा दरवाजा," नानांनी सुरुवात केली. "दारात उडता अजगर. पण तो आग ओकत नाही. तुमच्याकडे पाठ करून बसलाय."

"पाठ कशापायी?" छगननं विचारलं.

"राजाघरी बारसं झालं. सगळ्यांना पत्रिका हातात दिली. याला पोस्टानं टाकली."

सुकदेवच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नाना त्याच्याकडे बघत नव्हते, मुद्दाम तांब्याकडे बघत होते. अरे देवा, हा अजगर या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी रुसवलाय! त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"झुंजारसेन अजगराच्या शेजारी जाऊन बसतो," तो म्हणाला. "अजगर जिकडे बघतो तिकडेच तोंड करून. काय झालं, असं मुळीच विचारत नाही. पाणी घेता का, एवढंच विचारतो." गोटी काढली. अकरा.

"मला काही नको, असं अजगर म्हणतो."

"झुंजारसेन म्हणतो, आमच्या राजाला रीतभातच नाही. खानदानी माणसाला पोस्टानं पत्रिका!" गोटी काढली. चौदा.

"अजगराची शेपटी हलते. जाऊ द्या हो, मी त्यांचा कोण लागतो, असं म्हणतो."

दोन नकार झाले होते. रुसवा तिसऱ्या नकारानंतर उतरतो. तेव्हा जे वाक्य बोलायचं, ते सुकदेवचं ठेवणीतलं होतं. आजवर त्यानं ते तीनशे जणांना ऐकवलं असेल, पण ही युक्ती कोणाला सांगितली नव्हती.

मगन सरांना मात्र दम निघेना. "अहो, पाठ केलीय त्यानं! याच्यापेक्षा चांगली संधी कोणती? लाठी!" म्हणत त्यांनी तांब्यात हात घातला. गोटी निघाली एक.

अजगर मेला. मगन सर खुर्चीवर चढून नाचले. नानांचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाना," सुकदेव म्हणाला, "माझी मनधरणी अर्ध्यावर होती."

"मला दिसत नाही का भाऊ? पण एक म्हणजे एक. रुसवा उतरायच्या आत अजगर मेला, म्हणजे कौशल्य कामी आलं नाही. नियम मीच केला, मीच मोडला तर त्याला नियम कोण म्हणेल?" त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर रेघ मारली. बाजूला लिहिलं, पडीक. त्याखाली, मयत.

सुकदेव उठला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीच्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसला. आधी त्याला वाटलं, आपण रिक्षाची वाट बघतोय. तीन रिकाम्या रिक्षा गेल्या. मग लख्ख उजेड पडला. आयला, आपण रुसलोय! वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. पण बसायला बरं वाटत होतं. लोक का बसतात ते त्याला आज कळलं.

आत एकच तारांबळ उडाली. आता सुकदेवला धाडा म्हणावं, तर रुसला होता सुकदेवच. दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर ते कौशल्य नव्हतं.

मगन सर आले आणि थेट तोंडासमोर उभे राहिले. "काय झालं? कशाला रुसला?"

"असं विचारतात का?" सुकदेव कळवळला. "शेजारी बसा. रस्त्याकडे बघा. आणि पाणी विचारा."

सर मुकाट्यानं बसले. "पाणी घेता?"

"मला काही नको," सुकदेव म्हणाला. हा झाला पहिला.

छगन रिक्षाच घेऊन आला. "चला भाऊ, स्टँडवर सोडतो. गाडीला अजून वीस मिनटं आहेत."

"अरे गाढवा! रुसलेल्या माणसाला कोणी गाडी दाखवतं का? आधी ज्यानं चूक केली त्याला शिव्या घाल."

छगननं बाकावर बसलेल्या मगन सरांना अशा काही शिव्या घातल्या, की टपरीवाला चुना लावायचा थांबला. सर निमूटपणे मान हलवत राहिले.

"जाऊ द्या हो," सुकदेव म्हणाला. "मी तुमचा कोण लागतो?" हा झाला दुसरा.

मग नाना आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात स्वतःची टोपी आणि अंघोळीचा टॉवेल, तोही ओला. त्यांनी टोपी सुकदेवच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. ओला टॉवेल खांद्यावर पडला तसा सुकदेव शहारला. "सुकदेवभाऊ, माझं चुकलं. अजगराचं ते मी दसऱ्यापासून लिहीत होतो. तुझ्यासाठीच."

सुकदेवला सगळं दिसत होतं. म्हातारा खरंच बोलत होता. पण तिसरा नकार दिल्याशिवाय उठता येत नाही, आणि तिसऱ्या नकारानंतर काय बोलायचं ते या तिघांना ठाऊक नव्हतं. सांगावं का? छे! ते एक मागून घ्यायची त्याला फार लाज वाटली.

"तुम्ही जेवून घ्या," तो हळूच म्हणाला. "मी निघतो." हा झाला तिसरा.

नानांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. पाच पन्नासची गाडी आता सुटलीच असेल.

तेवढ्यात पिठाचे हात पदराला पुसत बेबाबाई तरातरा आल्या. त्यांना ना पहिला नकार माहीत ना तिसरा. "काय चालेल शे हाई? भरीत थंडं व्हई गे. बठ्ठा ताटं मांडेल शेतस, कोणीच हात लावेल नही. ऊठ! तुनाबिगर पंगत बसत नही, भाऊ."

तुझ्याशिवाय पंगत बसत नाही! सुकदेवचं ठेवणीतलं, तीनशे वेळा म्हटलेलं वाक्य. तेच, शब्दाला शब्द. आजवर ते त्याच्या तोंडून फक्त बाहेर गेलं होतं, कानात कधी आलं नव्हतं.

तो उठला. डोळ्यांवर आलेली टोपी त्यानं मागेही सारली नाही. दारात चपला काढल्या तर त्या उचलून मगन सरांनी नीट भिंतीशी ठेवल्या.

आत खरोखर पाच ताटं होती आणि पाचही भरलेली. नानांनी आधी सातबारा काढून रबर घासलं. लाल पेन्सिल ती, जाते कुठली? गुलाबी डाग तेवढा राहिला. शेवटी त्यांनी मयतच्या खाली लिहिलं, 'चुकीची नोंद', आणि सही केली. मग आणखी एक ओळ वाढवली: रुसणे, दोन.

"दोनच?" सुकदेव म्हणाला.

"लवकर उठलास."

"लवकर? नाना, माझी गाडी गेली!"

"गाडी उद्या शे," बेबाबाई म्हणाल्या, आणि भरताचा पहिला घास काढून त्यांनी त्याच्या भाकरीवर ठेवला.