सतराची बारा किलो

मी डोंगरवाटांवर चालणारी सायकल बोलतेय. भिंतीला टांगलेली दिसते ना, तीच. मला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाहीत. घरी येणाऱ्याला वाटतं, हिचं सामान कोणी चोरून नेलं की काय. चोरलं नाही हो. एका अबोल माणसानं ते एकेक करून, जपून उतरवलं.

दुकानात होते तेव्हा मी चांगली भरलेली होते. दुकानदारानं मला एका हातानं उचलून दाखवायचं ठरवलं, ते काही जमलं नाही, तर लगेच म्हणाला, बघा, किती दणकट माल आहे. समोरचं गिऱ्हाईक बोटीवर नोकरीला होतं. त्यानं मला बायकोसाठी घेतलं, घरी आणून उभं केलं आणि चार दिवसांनी आठ महिन्यांसाठी समुद्रावर निघून गेला.

घरात उरली दोघं. त्याची बायको नर्स होती, टेकडीच्या पायथ्याच्या दवाखान्यात. आणि सासरे, जन्मभर लेथवर उभे राहिलेले टर्नर, आता निवृत्त. दोघांत भांडण कसलंच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जेवण झाकून ठेवलंय, किल्ली कोनाड्यात आहे, एवढ्यावर दिवस जायचा. सासरे खिडकीत बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत राहायचे, जणू त्यांना काय काम द्यावं हे कळत नव्हतं.

आठवड्यातून तीन दिवस ती माझ्यावरून वरच्या वस्त्यांना जायची. लसींची पेटी तिच्या पाठीवर असायची. आधी कच्चा रस्ता, मग एकशे दहा दगडी पायऱ्या, आणि त्यांच्यावर दूरवर पसरलेली पायवाट. पायऱ्यांवर मी तिच्या खांद्यावर. ती धापा टाकत पायऱ्या मोजायची आणि साठाच्या पुढे हमखास चुकायची.

सहा वर्षं हे चाललं. मग एकदा शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय सटकला आणि उजवा खांदा निखळला. तो बसवला, बरा झाला, पण डॉक्टरांनी बजावलं की दहा-बारा किलोंच्या वर काही उचलायचं नाही. दवाखान्यानं तिला टेबलावरचं काम दिलं. वस्त्यांना महिन्यातून एकदा कोणीतरी जाईल, असं ठरलं. कोण जाणार, ते काही ठरलं नाही.

त्या संध्याकाळी ती माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहिली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, ही विकून टाकू या."

सासरे खिडकीतून उठले. म्हणाले, "सायकल कशाला सोडायची? वजन उतरवू की."

एवढं लांब वाक्य ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असावेत.

दवाखान्यात तान्ह्या मुलांना झोळीत घालून वजन करायचा टांगता काटा असतो. ती तो घेऊन आली. दाराच्या चौकटीला तो अडकवला आणि झोळीच्या जागी मला लटकवलं. मी भरले सतरा किलो. सासरे म्हणाले, बाळ खातंपितं आहे. ती हसली. मला आठवतं, त्या घरात हसण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग सुरू झालं. पैसे फारसे नव्हते, म्हणून फुकटात जे होईल ते आधी. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, साखळीवरचं झाकण उतरलं. हँडलची दोन्ही टोकं दोन-दोन बोटं कापली. स्प्रिंगची रुंद सीट जाऊन भंगारवाल्याकडची पातळ सीट आली. पुढच्या तीन दातेरी चक्रांपैकी दोन निघाली, त्यांच्याबरोबर गिअर बदलायची पुढची यंत्रणा आणि तिची वायरही. टायर झिजलेच होते, ते बदलताना तारेच्या कडेचे जड न घेता घडी होणारे हलके घेतले. दर रविवारी काट्यावर टांगणं व्हायचं, आणि जेवताना दोघं माझ्याबद्दल बोलायची. मग माझ्यावरून विषय निघून भलतीकडेच जायचा. सासूबाई कशा होत्या, हे तिला त्या जेवणांत कळलं.

पण सासऱ्यांना हाव सुटली. त्यांनी माझ्या सीटखालच्या नळीला ओळीनं भोकं पाडली. दिसायला सुरेख होती. चौथ्या दिवशी उतारावर, ती नुसती सराव करत असताना, नळी मोडली. गुडघे सोलवटून ती लंगडत मला घरी घेऊन आली.  सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत, हत्यारांची पेटी पलंगाखाली सारून ठेवली.

तिसऱ्या दिवशी तिनं ती पेटी बाहेर ओढली, मोडकी नळी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आता बिनभोकांची बसवा. मला सोमवारी वर जायचंय."

त्यांनी ॲल्युमिनियमची साधी, अखंड नळी बसवली. जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे यापुढे कानस लावणार नाही, असं ते पुटपुटले. मलाच सांगत होते, पण तिनं ऐकलं.

राहिला पुढचं चाक धरणारा चिमटा. माझा हादरे खाणारा चिमटा स्वस्तातला, म्हणूनच जडशीळ. सासऱ्यांनी भंगारातून बिनस्प्रिंगचा साधा चिमटा शोधला. तो माझ्या मापाचा नव्हता, म्हणून तो बरोबर घेऊन ते आपल्या जुन्या कारखान्यात गेले आणि दिवसभर लेथवर उभं राहून मापात बसणारी कडी कातून आले. परतले तेव्हा कपड्यांना तेलाचा वास होता आणि चेहरा दहा वर्षांनी तरुण. त्या दिवशी मी बारा किलो भरले.

वस्त्यांचं काम तिनं दवाखान्याकडून परत मागून घेतलं होतं; सोमवारी तिनं मला डाव्या खांद्यावर घेतलं. सासरे पायऱ्यांच्या तळाशी थांबले होते. तिनं शेवटच्या पायरीवरून हात केला, तेव्हा कुठे ते घरी वळले.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही वर गेलो. वस्त्यांतली मुलं मोठी झाली. सासरे थकत गेले. आजारात इतके वाळले की डॉक्टरांचं बजावणं विसरून तीच त्यांना उचलून खुर्चीत बसवायची. एका सकाळी खुर्चीतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर ती पुन्हा कामावर निघाली. पायऱ्या चढून वर आली, मला खाली ठेवलं आणि तिथेच बसून रडू लागली. वस्तीतली एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. सायकल जड झाली का गं, म्हणाली.

"नाही," ती म्हणाली, "हलकी आहे. फार हलकी आहे."

आता वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय, गाडी जाते. ती निवृत्त झाली, नवरा कायमचा घरी आलाय. तो नव्या कार्बनच्या सायकलींची चित्रं तिला दाखवतो. ती नको म्हणते. अधूनमधून मला काढून पुसते, चाकांत हवा भरते, गल्लीत दोन फेऱ्या मारते.

माझं मागणं एकच आहे, आणि तेही माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात एखादं माणूस गप्प गप्प असेल, तर त्याच्या हातात दुरुस्तीला काहीतरी द्या. आणि ते काम करत असताना जवळ बसा.